हळवे हात की हळुवार हात: एका विशेषणाचे प्रकरण

एका रुग्णालयाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेचे भाषासंपादन माझ्याकडे होते, तेव्हाचे हे प्रकरण आहे. स्मरणिकेतला एक लेख बालरुग्ण विभागात ३१ वर्षे काम करून निवृत्त झालेल्या आणि पुढे काही वर्षांनी वारलेल्या एका परिचारिकेवर होता. लिहिणारी त्यांच्याच हाताखाली शिकलेली आणि आता त्याच विभागाची प्रमुख परिचारिका झालेली होती. लेख जेमतेम दोन पानांचा होता. तरीही त्यातल्या एका विशेषणावरून छपाई चार दिवस थांबली, दोन माणसे दुखावली गेली, आणि ज्या शब्दाचा अर्थ मला लहानपणापासून ठाऊक आहे असे मी समजत होते, तो शब्द मला मुळापासून तपासावा लागला. तो शब्द म्हणजे 'हळवा'.

लेखात हा शब्द तीन ठिकाणी होता. शीर्षक होते 'हळवे हात'. दुसऱ्या परिच्छेदात वाक्य होते: "सिस्टर अतिशय हळव्या होत्या. लहान मुलाला सुई टोचायची वेळ आली की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचे, पण हात कधी कापला नाही." आणि शेवटी निरोप समारंभाच्या वर्णनात म्हटले होते, "त्या दिवशी सिस्टर हळव्या झाल्या आणि दोन वाक्ये बोलून खाली बसल्या."

गंमत अशी की लेखिकेच्या हस्तलिखितात 'हळवा' हा शब्द एकदाही नव्हता. तिने दोन्ही वाक्यांत 'भावुक' असे लिहिले होते आणि शीर्षकाची जागा रिकामी सोडली होती. आमच्या मुद्रितशोधकांनी 'भावुक' हा हिंदीच्या वळणाचा शब्द म्हणून काढला आणि दोन्ही ठिकाणी 'हळव्या' असे केले. ही दुरुस्ती मी न थांबता मंजूर केली. शीर्षक तर माझेच होते. मुद्रिते सिस्टरांच्या कन्येकडे वाचायला गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. ती रागावलेली नव्हती, पण आवाज घट्ट होता. "ताई, लेख चांगला आहे. पण माझी आई हळवी नव्हती. तो शब्द काढा."

मी तिला सांगितले की हा शब्द कौतुकाचा आहे, कोमल मनाच्या माणसाला आपण हळवा म्हणतो. त्यावर ती म्हणाली, "एखाद्या मोठ्या डॉक्टरांना तुम्ही हळवे म्हणालात तर ते कौतुक होतं. नर्सला हळवी म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं, हिला झेपत नव्हतं."

हे वाक्य मला खोडता आले नाही. परिचारिकेच्या शिक्षणात पहिल्या वर्षापासून मुलींना जे ऐकवले जाते ते हेच असते की हळव्या माणसाचे वॉर्डात काम नाही. म्हणजे ज्या व्यवसायात हा शब्द दोष म्हणून वापरला जातो, त्याच व्यवसायातल्या एका ज्येष्ठ बाईला आम्ही तो पदकासारखा लावला होता. पण केवळ कुटुंबाला आवडला नाही म्हणून शब्द काढायचा, हेही मला पटत नव्हते, कारण लेखिकेने ते पाणी स्वतः पाहिले होते. तेव्हा प्रश्न असा उभा राहिला की 'हळवा' हा शब्द नेमके काय सांगतो, आणि या तीन वाक्यांपैकी कुठे ते खरे आहे.

आधी 'भावुक'बद्दल

मुद्रितशोधकांची शंका रास्त होती, उपाय घाईचा होता. 'भावुक' हा शब्द मराठीला अगदी परका नाही. संस्कृतात तो आहे. भागवताच्या आरंभीच रसिकांच्या जोडीने भावुकांना हाक मारली आहे. जुन्या मराठीत तो 'भाविक'च्या शेजारी, श्रद्धाळू माणसासाठी येतो. आज मात्र 'मंत्री भावुक झाले', 'खेळाडू भावुक झाला' अशा मथळ्यांत तो वापरला जातो, तेव्हा अर्थ हिंदीतला असतो, म्हणजे भावनेने भरून आलेला. माझी तक्रार शब्दाच्या जन्मगावाबद्दल नाही. तक्रार अशी आहे की हा एकच शब्द आला आणि त्याने पाच-सहा शब्दांची जागा अडवली. कुणी गहिवरते, म्हणजे कंठ दाटतो. कुणी गलबलते, म्हणजे आतून ढवळून निघते. कुणाला उमाळा येतो. उमाळा म्हणजे जमिनीतून वर येणारा पाण्याचा झरा, म्हणून तो शब्द दाबून ठेवलेल्या मायेला शोभतो. कुणाला कढ येतो, तो दुःखाचा असतो आणि एकामागून एक येतो. कुणाला नुसतेच भरून येते. या सगळ्यांना 'भावुक झाले' म्हणायचे म्हणजे कोण रडले, कशाने रडले आणि किती रडले हे सारे पुसून टाकायचे.

पण 'भावुक' हा असा गोळाबेरीज शब्द आहे म्हणूनच त्याच्या जागी डोळे मिटून एकच शब्द बसवता येत नाही. लेखिकेने तो दोनदा वापरला होता आणि दोन्ही वेळा तिच्या मनात वेगवेगळी गोष्ट होती. पहिल्यांदा तिला स्वभाव सांगायचा होता, दुसऱ्यांदा एक क्षण. आम्ही दोन्हीकडे 'हळव्या' लिहिले आणि तिची संदिग्धता जशीच्या तशी ठेवून फक्त शब्द बदलला.

शब्दाचे कूळ आणि शेतातला अर्थ

'हळवा' हा शब्द 'हळू' आणि 'हलका' यांच्या कुळातला मानला जातो, आणि त्या कुळाच्या मागे संस्कृतातला 'लघु' आहे. लघुक या शब्दातल्या घ चा प्राकृतात ह होऊन आणि मग ल व ह यांची अदलाबदल होऊन 'हलुअ' असे रूप होते, याची नोंद बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात केलेली आहे. म्हणजे शब्दाच्या तळाशी प्रेम नाही, करुणा नाही, अश्रूही नाहीत. तिथे आहे ते हलकेपण, वजनाची कमतरता.

हा तळ अजूनही शेतात उघडा दिसतो. भातशेती करणाऱ्याला 'हळवा' म्हटले की आधी मन आठवत नाही, वाण आठवतो. हळवे, निमगरवे आणि गरवे असे भाताचे तीन प्रकार पिकण्याच्या मुदतीवरून केले जातात. हळवे भात साधारण १२० दिवसांच्या आत तयार होते, गरव्याला १३५ दिवसांहून अधिक काळ लागतो, आणि निमगरवे या दोहोंच्या मधले. पाणी लवकर ओसरणाऱ्या हलक्या, उंच जमिनीत हळवे लावतात. पाणी धरून ठेवणाऱ्या खोलगट, भारी जमिनीत गरवे. हळव्या भाताला कुणी वाईट म्हणत नाही. ते लवकर येते एवढेच.

माणसाच्या मनाला हा शब्द लावताना मराठीने नेमकी हीच गोष्ट उचलली आहे, असे मला वाटते. हळव्या माणसाचे मन लवकर येते. दुसऱ्याला चार धक्के लागल्यावर जे होते, ते त्याला पहिल्याच धक्क्याला होते. 'हळवा' हा शब्द भावनेची खोली मोजत नाही, तो उंबरठ्याची उंची सांगतो. ज्याचा उंबरठा ठेंगणा, त्याच्या घरात पाणी आधी शिरते. बाहेर पाणी किती आहे याचा त्यातून पत्ता लागत नाही. खपली निघाल्यावर खालची नवी कातडी हुळहुळी असते, वाऱ्यानेही ती झोंबते. हळवे मन तसे असते. त्याच्या प्रेमाबद्दल हा शब्द काहीच बोलत नाही. हळवा माणूस प्रेमळ असतो असे आपण धरून चालतो, पण स्वतःच्या बाबतीत अतिशय हळवी आणि दुसऱ्याच्या बाबतीत पुरती कोरडी अशी माणसेही प्रत्येकाने पाहिलेली असतात, आणि त्यांना हळवे म्हणण्यात भाषेची चूक होत नाही.

वापराच्या कसोट्या

एवढा विचार झाल्यावर मी लेखिकेला बोलावून घेतले आणि आम्ही दोघींनी समोर कागद ठेवून वाक्ये लिहून पाहिली. कोशात अर्थ सापडतो, पण शब्द कुणाबरोबर नांदतो आणि कुणाबरोबर नांदत नाही हे वाक्यातच कळते.

पहिली कसोटी षष्ठीची. 'मुलांचा कळवळा' आणि 'मुलांचा हळवेपणा' ही दोन पदे शेजारी ठेवली की फरक लख्ख दिसतो. पहिल्यात मुलांसाठी कुणा दुसऱ्याच्या पोटात तुटते. दुसऱ्यात मुले स्वतःच हळवी आहेत. एकच 'चा' प्रत्यय, पण एकीकडे तो भावना कुणासाठी आहे ते सांगतो आणि दुसरीकडे भावना कुणाची आहे ते. कळवळा दुसऱ्याकडे धावतो. लाभाविण प्रीती करणारी माउली तुकोबांनी रंगवली, तेव्हा त्यांनी 'कळवळ्याची जाती' असे म्हटले, आणि तिथे दुसरा कुठलाही शब्द चालला नसता. हळवेपणा मात्र कुणाकडे धावत नाही. तो जिथल्या तिथे दुखतो.

दुसरी कसोटी 'उगाच' या शब्दाची. 'उगाच हळवा होऊ नकोस' हे वाक्य रोज कुठे ना कुठे बोलले जाते. 'उगाच प्रेमळ होऊ नकोस' असे कुणी सहज म्हणत नाही. म्हटले तर ऐकणाऱ्याला त्यात टोमणा दिसेल. 'उगाच मायाळू', 'उगाच कनवाळू' हेही बसत नाही. जो शब्द 'उगाच'ला सहज शेजारी घेतो, त्याच्यात प्रमाणाबाहेर जाण्याचा अर्थ आधीपासून असतो. 'हळवा' हे अतिरेकाचे नाव आहे, आणि अतिरेक मनाच्या प्रतिसादाचा आहे. कन्येला जे बोचले ते हेच होते. तिने व्याकरण मांडले नाही, पण तिचा कान बरोबर होता.

तिसरी कसोटी 'असणे' आणि 'होणे' यांची, आणि या प्रकरणात सर्वात कामाची हीच ठरली. 'ती हळवी आहे' हा स्वभावावरचा निकाल आहे. 'ती हळवी झाली' ही घटना आहे, आणि ती कुणाच्याही बाबतीत घडू शकते. कणखर माणूस हळवा झाला असे म्हटले की वाक्याला उलट वजन येते, कारण नेहमीचा उंबरठा तेवढ्यापुरता खाली आलेला असतो. म्हातारपणी माणसे हळवी होतात, आजारपणात होतात, मुलगी सासरी निघाली की बाप होतो. यात कुणाचा कमीपणा नाही.

चौथी गोष्ट, खरे म्हणजे कसोटीपेक्षा सवय म्हणावी अशी: चांगले लिहिणारे 'हळवा'ला मोकळे सोडत नाहीत, ते त्याला 'बाबतीत' किंवा 'विषयी' जोडतात. 'आईच्या बाबतीत तो हळवा आहे.' अशा वाक्यात स्वभावावरचा निकाल मागे पडतो आणि एक ठरावीक जागा दिसते, जिथे बोट लावले की दुखते. इंग्रजी 'सॉफ्ट कॉर्नर'वरून आलेला 'हळवा कोपरा' आज सर्रास वापरला जातो आणि कानाला आता खटकतही नाही. मला मात्र 'बाबतीत' अधिक मराठी वाटते, कारण त्यात मनाचे घर आणि त्याचे कोपरे कल्पावे लागत नाहीत.

लेखिकेने मध्येच विचारले, "मग 'भावनाप्रधान' लिहू का?" मी नको म्हटले. भावनाशील म्हणजे भावना जाणण्याची क्षमता असलेला, भावनाप्रधान म्हणजे निर्णय भावनेवर घेणारा, भावविवश म्हणजे स्वतःवरचा ताबा सुटलेला. वॉर्डात काम करणारी परिचारिका यातली पहिली असायलाच हवी, दुसरी असून चालत नाही आणि तिसरी झाली तर रुग्णाचे हाल होतात. शिवाय हे तिन्ही शब्द अहवालातले वाटतात. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल कुणी असे बोलत नाही.

शीर्षक

शीर्षकाचा निकाल पाच मिनिटांत लागला आणि तो माझ्या विरुद्ध लागला. हळवे हात म्हणजे काय? मन हळवे असते, स्वभाव हळवा असतो. अलीकडे 'हळवा क्षण', 'हळवी आठवण' असेही लिहितात, तिथे माणसाचे विशेषण क्षणाला आणि आठवणीला चिकटवलेले असते आणि वाचणारा ते चालवून घेतो. पण हाताला हळवे म्हटले तर अर्थ एकच उरतो, लवकर दुखणारे हात. आणि त्या सिस्टरांचे हात कसे होते ते लेखिकेने मला दाखवून सांगितले.

तापाने सुकलेल्या सहा महिन्यांच्या बाळाची शीर सापडत नसते. शिकाऊ मुलींनी दोनदा प्रयत्न केलेला असतो, बाळ रडून रडून निळसर पडलेले असते, आई दाराशी उभी असते. सिस्टर येत, बाळाचा हात आपल्या दोन्ही तळव्यांत धरून आधी नुसता ऊबवत. मग मनगटाच्या वर बोटांनीच घट्ट पकड देऊन हाताच्या पाठीवर एक बोट हलकेच आपटत, शीर वर येईपर्यंत. सुई कातडीशी जवळजवळ आडवी धरून आत जाई, सुईच्या मागच्या टोकाशी रक्ताचा थेंब दिसला की पुढे सरके, आणि मग पुठ्ठ्याची पट्टी हाताखाली ठेवून चिकटपट्टीचे तीन वेढे. हे सगळे होईपर्यंत सिस्टर एक शब्द बोलत नसत. डोळे भरलेले असत, पण ते पुसायला त्या हात सोडत नसत.

या हातांना मराठीत शब्द आहे, आणि तो 'हळवा' नाही, 'हळुवार' आहे. दोन्ही शब्द एकाच कुळातले, म्हणूनच माझी गफलत झाली. पण हळवा तो, ज्याला लागते. हळुवार तो, जो दुसऱ्याला लागू देत नाही. एकाचे तोंड आत आहे, दुसऱ्याचे बाहेर. शीर्षक 'हळुवार हात' असे झाले. खरे सांगायचे तर 'हळवे हात' मला सुचले तेव्हा आवडले होते ते दोन ह-कारांमुळे, अर्थामुळे नाही. स्मरणिका, गौरवांक, श्रद्धांजलीचे लेख यांत अशीच शीर्षके भरलेली असतात आणि मग साधा, खरा लेखही भावबंबाळ दिसू लागतो. 'भावबंबाळ' हा 'रक्तबंबाळ'वरून बेतलेला समीक्षेतला शब्द आहे; तो लेखनाला लागतो, माणसाला लागत नाही. त्या लेखाचे लेखन भावबंबाळ नव्हते. मी त्याच्या कपाळावर तो शिक्का मारणार होते.

'पण' या अव्ययाचा पेच

खरी अडचण दुसऱ्या परिच्छेदातल्या वाक्याची होती. मी सुचवले की "सिस्टर अतिशय हळव्या होत्या" याऐवजी "सिस्टरांना मुलांचा फार कळवळा होता" असे करू. कन्येला ते फोनवर वाचून दाखवले, तिला पटले. लेखिकेला पटले नाही, आणि तिची हरकत माझ्यापेक्षा बारीक होती.

ती म्हणाली, "मग पुढचा 'पण' कशाला? कळवळा होता, पण हात कापला नाही? कळवळा असला की हात कापतो का?"

तिचे म्हणणे बिनतोड होते. मूळ वाक्यात 'पण' हा सांधा होता. एका बाजूला पाणी आणणारे मन, दुसऱ्या बाजूला न कापणारा हात, आणि या दोन्हींना धरून ठेवणारी ती बाई. हळवेपणा काढून कळवळा घातला की पहिली बाजू इतकी सरळ होते की विरोधच उरत नाही. लेखिकेला सांगायचे होते ते असे की सिस्टरांना सहज लागत असे आणि लागूनही त्या काम करत. ज्याला लागतच नाही त्याचा हात न कापण्यात विशेष काय, असे तिचे मत होते. हळवेपणा हा इथे दोष म्हणून नव्हता, ओझे म्हणून होता, आणि ते ओझे रोज उचलणे हेच तिला मोठे वाटत होते.

इथे मला ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायातला अर्जुन आठवला. रणात स्वजनांना पाहून त्याचे मन विरघळते, तेव्हा ज्ञानदेव भ्रमराचा दाखला देतात. कोरडे लाकूड सहज पोखरणारा भुंगा कमळाच्या कोवळ्या कळीत अडकतो, प्राण जाईल पण पाकळी चिरणार नाही. स्नेह तसा, "कठिण कोवळेपणें" असतो. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली सिद्ध झालेल्या या ग्रंथात कोवळेपणाला कठीण म्हटले आहे, आणि तेही मोठ्यातल्या मोठ्या धनुर्धराला जखडून टाकण्याइतके. पण ज्ञानदेव तिथे पाश सांगत आहेत. अर्जुनाच्या हातून धनुष्य गळते. सिस्टरांच्या हातून सुई गळत नव्हती. दाखला नेमका याच जागी उलटा होतो आणि म्हणून मला तो उपयोगी पडला: स्नेहाने माणूस हतबल होतो तेव्हा आपल्याकडे शब्द पुष्कळ आहेत, पण त्याच स्नेहाने भरलेला माणूस हतबल होत नाही, त्या अवस्थेला एक विशेषण मराठीत सहज सापडत नाही. विशेषण शोधत राहणे हीच चूक होती.

मी वाक्याचा पहिला भाग पुरताच काढून टाकला. उरले ते इतकेच: "लहान मुलाला सुई टोचायची वेळ आली की सिस्टरांचे डोळे भरून यायचे, पण हात कधी कापला नाही." 'पण' आपल्या जागी राहिला. दोन्ही बाजू डोळ्यांनी दिसणाऱ्या होत्या, कुणी नाकारू शकत नव्हते, आणि वाचणारा बाईंना काय म्हणायचे ते स्वतः ठरवू शकत होता. लेखिकेने दोनदा वाचून मान हलवली.

निरोप समारंभाचे वाक्य तसेच राहिले. तिथे 'हळव्या झाल्या' हेच योग्य होते, कारण ती घटना होती आणि 'दोन वाक्ये बोलून खाली बसल्या' या शब्दांनी तिला प्रमाणात ठेवले होते. 'गहिवरल्या' हाही पर्याय होता, पण गहिवर ऐकू येतो, आवाजात येतो. लेखिकेला आठवत होते ते सिस्टरांचे खाली पाहणे, आवाज नाही.

कन्येचा दुसरा फोन

तिन्ही जागा ठरल्यावर मी सुधारलेले मुद्रित कन्येला पाठवले आणि संध्याकाळी तिला फोन केला. या वेळी लेखिकाही माझ्याशेजारी बसली होती. कन्येने सगळे मान्य केले. मग थोडा वेळ ती बोलली नाही, आणि म्हणाली, "एका बाबतीत आई हळवी होती. ते कुणाला ठाऊक नाही."

तिने सांगितले ते असे. वॉर्डात एखादे मूल गेले की त्याची खाट रिकामी होते, चादर काढून गादी पुसून पुढच्या बाळासाठी तयार करायची असते. हे काम सिस्टर कधी स्वतः करत नसत. बाकी सर्व करत. मुलाला स्वच्छ करणे, गुंडाळणे, आईवडिलांच्या हाती देणे, कागद पुरे करणे, यातले काही त्यांनी कधी टाळले नाही. पण चादर काढायला त्या दुसऱ्या कुणाला सांगत आणि तेवढा वेळ औषधांच्या कपाटाकडे तोंड करून उभ्या राहत. घरीही मुलांनी अंथरुणे काढली की त्या खोलीबाहेर जात. कन्येला याचे कारण मोठेपणी कळले.

लेखिका ऐकता ऐकता म्हणाली, "मला वाटायचं, आम्हाला काम शिकवायला सांगतात."

कन्येच्या परवानगीने ही गोष्ट लेखात गेली आणि तिच्यासाठी मी वाक्य लिहिले: "रिकाम्या खाटेच्या बाबतीत मात्र सिस्टर फार हळव्या होत्या." ज्या शब्दावरून छपाई थांबली होती तो शब्द याच वाक्यात आपल्या हक्काच्या जागी आला. स्वभावावर निकाल नव्हता, कौतुकाची झूल नव्हती. दुखरी जागा कुठे आहे तेवढे दाखवले होते.

मुद्रित शेवटच्या वेळी कन्येकडे गेले आणि सहीसह परत आले. साऱ्या लेखात तिने एकच दुरुस्ती केली होती. त्या वाक्यातला 'फार' तिने पेनाने खोडला होता. मी तो परत घातला नाही. 'हळव्या' या शब्दात तो आधीच होता.